छर्ऱ्यांची चाचणी : रेंजवर जाण्याआधीची तयारी

दहा मीटर एअर पिस्तुलाचा स्कोअर घसरला की पहिला संशय छर्ऱ्यांवर येतो. संशय खुशाल घ्यावा, पण आधी टार्गेटचा हिशोब मांडून बघावा. पिस्तुलाच्या टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिमीचं, छर्रा 4.5 मिमीचा, आणि छर्ऱ्याची कड रेषेला टेकली तरी दहाच मिळतात. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य केंद्रापासून 8 मिमी लांब गेला तरी दहा. एअर रायफलला हीच मुभा अडीच मिमीची. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेला 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळालं त्या 50 मीटर रायफलमध्ये तर पाचपट लांबून दहाचं वर्तुळ 10.4 मिमीचं असतं. तिथं गोळ्यांचा लॉट (एका खेपेत बनलेला माल) पारखण्यात दिवस घालवले तरी ते वाया जात नाहीत. पिस्तुलात चाचणीचा खरा उपयोग वेगळा आहे : दोष पिस्तुलाचा की हाताचा, एवढं एकदा ठरवून टाकायचं.

त्यासाठी हात बाजूला काढावा लागतो, म्हणून सगळ्यात आधी जिग, म्हणजे पिस्तूल घट्ट धरून ठेवणारा साचा. कोल्हापुरात हे अवघड नाही. शिवाजी उद्यमनगरात मिलिंगचं काम करणाऱ्याला पिस्तूल दाखवून माप दिलं की होतं. खाली जाड लोखंडी प्लेट, वर वाइस, वाइसच्या जबड्यांना नायलॉन किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. पकड फ्रेमवर घ्यायची, सिलिंडरवर कधीच नाही. त्यात 200 बार दाबाची हवा असते आणि तो आवळण्यासाठी बनवलेला नसतो. ग्रिप काढून ठेवली तर पकडायला जागा सुटते. प्लेट टेबलाला सी-क्लॅम्पनं दोन ठिकाणी आवळावी. रेंजवरची लाकडी टेबलं बोटानं ढकलली तरी हलतात, तेव्हा दुधाळीच्या रेंजला जा किंवा आणखी कुठं, टेबलाच्या पायाखाली घालायला रबराचे तुकडे आणि एक वाळूची पिशवी बरोबर असावी. वेळ गर्दी नसलेली मागून घ्यावी. शेजारच्या लेनवर पोरं सरावाला उभी असताना तासभर लेन अडवली तर सरांच्या कपाळाला आठ्या पडणारच.

छर्रे सपाट डोक्याचे मॅचचेच घ्यावेत, तीन लॉट पुरे. डब्यावर डोक्याचं माप (4.49, 4.50 असं) आणि लॉट नंबर दोन्ही असतात, माप सारखं पण लॉट वेगळा असेल तर तो वेगळाच छर्रा समजावा. आदल्या दिवशी प्रत्येक डब्यातले पन्नासेक छर्रे काचेवर हलकेच घरंगळवून बघावेत. चांगला छर्रा गोल कमानीत सारखा फिरतो. मागचा पातळ घेर चेपलेला असेल तर थबकत, उड्या मारत जातो. तसले बाजूला. डबा एकदा फरशीवर पडला असेल तर तो चाचणीत घेऊच नये.

मोजणी अशी : प्रत्येक लॉटचे दहा-दहा छर्ऱ्यांचे तीन ग्रुप (एका कार्डावर पडलेल्या भोकांचा पुंजका म्हणजे ग्रुप). पाचांच्या एका ग्रुपवर निकाल देणारे पुष्कळ भेटतात, पण एकाच डब्यातले पाचाचे दोन ग्रुप एकमेकांपासून इतके वेगळे येतात की त्यावरून काहीच ठरत नाही. लॉट बदलला की आधी पाच छर्रे वेगळ्या कार्डावर मारून नळी नव्या छर्ऱ्याला रुळू द्यावी. क्रमही फिरता ठेवावा : अबक, कअब, बकअ. एकच लॉट सलग संपवला तर घटत्या दाबाचा दोष शेवटच्या लॉटच्या माथी बसतो. ग्रुपांचे नव्वद, सहा वेळा लॉट बदलतानाचे तीस आणि सुरुवातीचे दहा धरून एकूण 130 छर्रे होतात. भरलेल्या एका सिलिंडरात बहुधा बसतात, तरी दुसरा भरून न्यावा. सिलिंडरवर कोरलेली तारीख बघावी. दहा वर्षं उलटलेला असेल तर भरायचाच नाही. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या फिल्टरमधलं पाणी काढल्याशिवाय हवा घेऊ नये. नळी साफ करायची तर दोन दिवस आधी, आणि नंतर पन्नासेक छर्रे मारून. चाचणीच्या मधे नाही.

कार्डं बारा, वर चार जादा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद. जुलैच्या कोल्हापुरात उघडं ठेवलेलं कार्ड ओल धरतं आणि भोक कापल्यासारखं न पडता फाटतं. मागे सपाट पुठ्ठा लावावा. कार्डाच्या पाठीवर लॉट, क्रम आणि सिलिंडरच्या दाबाच्या गेजचा आकडा पेन्सिलीनं लिहावा, शाई पसरते. इलेक्ट्रॉनिक टार्गेट या कामाला नको, मिलिमीटरच्या अंशाचा वाद कागदावरच मिटतो.

व्हर्नियर हवाच. ग्रुपच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत माप घेऊन एका छर्ऱ्याची रुंदी वजा करायची. पण कागदातलं भोक 4.5 पेक्षा थोडं लहान पडतं, म्हणून एका कार्डावर एकटाच छर्रा मारून ते भोक मोजावं आणि तोच आकडा सगळीकडे वजा करावा.

बाहेरून बाहेर 7 मिमीच्या आत सगळे ग्रुप आले तर पिस्तुलाला दोष देता येत नाही, 6.2 आणि 6.6 मधला फरक विसरून जावा. तिन्ही लॉट 10 च्या वर गेले तर आधी जिगचे बोल्ट तपासावेत, मग नळीचे स्क्रू, मग नळीच्या तोंडाची कड. ग्रुप उभा लांबला असेल तर वेगाकडे बघावं. सेकंदाला 150 मीटर वेगाचा छर्रा दहा मीटरवर सुमारे 22 मिमी खाली येतो; वेग 3 मीटरनं घटला तर आणखी जेमतेम 1 मिमी. तेव्हा भोकाची रुंदी वजा करूनही 5 मिमीचा उभा फराटा राहिला तर दोष रेग्युलेटरचा (हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागाचा) किंवा सीलचा, छर्ऱ्याचा नव्हे. सीलची परीक्षा टिश्यू पेपरच्या पट्टीनं : ब्रीचजवळ (छर्रा भरायच्या जागेजवळ) धरून मारावं, पट्टी फडफडली तर हवा तिथून जाते. आणि दहातला एकच छर्रा लांब गेला तर तो ग्रुपमधून वगळायचा नाही. दुसऱ्या-तिसऱ्या ग्रुपातही तसंच घडतंय का बघायचं.

निवडलेल्या लॉटचे डबे त्याच नंबरचे घ्यावेत, पण हंगामाला पुरतील एवढेच. दमट कपाटात शिशावर पांढरी भुकटी धरते. आणि रेंजवरून निघताना, चहाच्या गाड्याकडे वळण्याआधी, हात साबणानं धुवावेत.