ईसीयू ट्यूनिंगसाठी दणकट लॅपटॉप निवडताना

ईसीयू (इंजिन चालवणारा गाडीतला संगणक) रिमॅप करताना, म्हणजे त्याचा प्रोग्राम बदलताना, लॅपटॉपच्या वेगापेक्षा त्याचा भरवसा महत्त्वाचा असतो, कारण फ्लॅशिंग (नवा प्रोग्राम ईसीयूमध्ये लिहिणे) चालू असताना जोडणी तुटली तर प्रोग्राम अर्धवट लिहिला जातो आणि पुष्कळदा गाडी सुरूच होत नाही. माझ्या जुन्या, घरगुती वापराच्या लॅपटॉपचे यूएसबी पोर्ट केबलच्या ओढीने सैल झाले होते. खड्ड्यातून गाडी गेली की लॉगिंग (इंजिनच्या आकड्यांची नोंद) मध्येच थांबत असे आणि उन्हात स्क्रीनवरचा इंधन-हवा गुणोत्तराचा आकडाही वाचता येत नसे.

म्हणून मी वापरलेला, पण सुस्थितीतला पॅनासॉनिक टफबुक सीएफ-३१ घेतला. त्याचा प्रोसेसर आजच्या मानाने जुना असला, तरी ट्यूनिंगच्या बहुतेक सॉफ्टवेअरला त्याहून अधिक ताकद लागत नाही. धूळ-पाण्यापासून संरक्षणाच्या आयपी६५ दर्जामुळे गॅरेजमधली धूळ आत जात नाही. साध्या लॅपटॉपची स्क्रीन साधारण २५० ते ३०० निट्सची (निट हे स्क्रीनच्या उजेडाचे माप) असते, तर याची १२०० निट्सपर्यंत जाते. शिवाय मूळचाच सीरियल पोर्ट (उपकरणे जोडण्याचा जुन्या पद्धतीचा पोर्ट) असल्याने माझा वाइडबँड कंट्रोलर (इंधन-हवा गुणोत्तर मोजणारे उपकरण) कोणत्याही अडॅप्टरशिवाय जोडता आला, आणि माझ्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

असा लॅपटॉप घेताना बिजागरी, पोर्टवरची रबरी झाकणे आणि बॅटरी नीट तपासावी, तसेच हार्ड डिस्क असल्यास ती काढून एसएसडी बसवावी, कारण फिरत्या तबकडीला गाडीची थरथर सोसत नाही. विंडोजमधील स्लीप आणि यूएसबीचा वीजपुरवठा तात्पुरता तोडणारी सोय मी बंद ठेवली आहे. फ्लॅशिंगच्या वेळी गाडीच्या बॅटरीलाही स्थिर व्होल्टेजचा पुरवठा जोडतो.