तरुण पेशीही निळ्या दिसल्या तेव्हा

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी माझे तीन महिने एका इनक्युबेटरपायी (पेशी उबेत ठेवायच्या पेटीपायी) गेले. देवगड, मालवण, राजापूरकडची मुलं "ताई, वार्धक्याच्या पेशीजीवशास्त्रात यायचंय, सुरुवात कुठून करू?" असं विचारतात तेव्हा मला आधी तेच आठवतं. टेलोमिअर (गुणसूत्रांची टोकं), पी५३, पी१६ (पेशीचं विभाजन रोखणारी प्रथिनं) तुम्हाला पाठ असतात, ते पुन्हा सांगत नाही.

माझं काम ऐकायला सोपं होतं. माणसाच्या त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट पेशी वाढवायच्या आणि त्यातल्या किती म्हाताऱ्या झाल्या, म्हणजे दुभंगायच्या कायमच्या थांबल्या, ते मोजायचं. मोजायची पद्धत १९९५ पासूनची. बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे लायसोसोममधलं (पेशीतल्या पचनाच्या पिशवीतलं) एन्झाइम सगळ्याच पेशींत असतं आणि पीएच ४ च्या आसपास जोरात चालतं. म्हाताऱ्या पेशीत ते इतकं साठलेलं असतं की पीएच ६ लाही त्याचं काम दिसतं. म्हणून पीएच ६ च्या द्रावणात एक्स-गॅल (या एन्झाइमने तुटलं की निळं होणारं रसायन) घालून प्लेट रात्रभर ३७ अंशांवर ठेवायची. निळी होईल ती म्हातारी.

मी प्लेट कार्बन डायऑक्साइडवाल्या इनक्युबेटरमध्ये ठेवली. पेशी रोज तिथेच तर वाढत होत्या. तरुण फायब्रोब्लास्ट निमुळत्या असतात, मासळीच्या थव्यासारख्या एका दिशेला वळलेल्या. म्हाताऱ्या पसरट, तव्यावर घातलेल्या आंबोळीसारख्या. सकाळी मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर निमुळत्या पेशीही केंद्रकाभोवती निळ्याशार. सीनियर दादा म्हणाला, "बॅच खराब असेल, नवी घे." घेतली. पुन्हा निळ्या. असं तीनदा झालं आणि तिसऱ्या रात्री मी हॉस्टेलवर जाऊन रडले.

कारण नीट समजून घ्या. गोटी सोड्याच्या बाटलीत जे होतं तेच इथे होतं: कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की आम्ल तयार होतं. रोजच्या मिडियममध्ये (पेशी वाढवायच्या द्रवात) बायकार्बोनेट असतं. ते ५ टक्के वायूशी तोल धरूनच पीएच ७.४ च्या जवळ राखतं. रंगवायच्या द्रावणात बायकार्बोनेट नसतं, सायट्रेट-फॉस्फेट बफर (पीएच धरून ठेवणारं मिश्रण) असतो. वायू त्यात मुरत राहतो, पीएच ६ च्या खाली घसरतो, आणि मग तरुण पेशीतलं नेहमीचं एन्झाइमही कामाला लागतं. दिसतो तो निळा रंग वयाचा नसतो, आम्लाचा असतो. म्हणून इनक्युबेटर साधा हवा, वायू न सोडणारा. प्लेटला पॅराफिल्म (ताणून बसवायची मेणासारखी पट्टी) लावा, नाहीतर द्रावण सुकून स्फटिक पडतात. पीएच मीटर त्याच दिवशी कॅलिब्रेट करा, कालच्यावर भरवसा नको. पीएच हलला की काय होतं ते घरी आमसुलाच्या आगळात चिमूटभर खायचा सोडा टाकून बघा, लाल रंग किती पटकन पालटतो ते.

प्लेट पेशींनी गच्च भरली असेल तरी फसगत होते. एकट्या निळ्या रंगावर विसंबू नका. शेजारी तरुण पेशींची प्लेट हवीच, आणि पी१६ किंवा त्याच्यासारखंच पी२१ हे प्रथिन तपासलंच पाहिजे.

रंगवायच्या तयार किटबद्दल माझं मत ठाम आहे: पहिल्या दोन वेळा बफर हाताने करा, मग किट वापरा. मार्गदर्शकाबद्दलही तसंच. ज्यांचं नाव मोठं त्यांच्यापेक्षा जे तुमची प्लेट स्वतः बघतात ते निवडा. नोबेल मिळवलेल्या अलेक्सिस कॅरेल यांनी कोंबडीच्या हृदयातल्या पेशी अमर असल्याचं सांगितलं आणि जग कित्येक दशकं ते मानत राहिलं. १९६१ मध्ये हेफ्लिक आणि मूरहेड यांनी दाखवलं, की माणसाच्या साध्या पेशी साधारण ५० वेळा दुप्पट होतात आणि थांबतात. ही दुपटी मोजताना पॅसेज (पेशी एका प्लेटमधून नव्या प्लेटांत वाटणं) मोजू नका. एका प्लेटच्या चार केल्या की पॅसेज एक, दुपटी दोन.

म्हातारपण थांबवणारं औषध पाच वर्षांत काढू, या आशेने येत असाल तर नका येऊ, फार त्रास होईल. पण इंग्रजी अडखळतं किंवा कॉलेज लहान आहे म्हणून मागे फिरू नका. पहिल्या सेमिनारला मी दोन वाक्यं बोलून थांबले होते, सहा महिन्यांत जमलं. जॅम आणि गॅट-बी या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षा द्याच. शिवाय विज्ञान अकादम्यांची दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप बीएस्सीलाच मिळू शकते, तिचा अर्ज चुकवू नका.

तोवर कॉलेजात यीस्टवर काम करा. १९५९ पासून हे करतात: एक मातृपेशी मरेपर्यंत किती कळ्या (नव्या पेशी) देते ते मोजायचं. सरासरी वीस-पंचवीस येतात. मायक्रोस्कोप, अगार (यीस्ट वाढवायची जेली), काचेची बारीक सुई आणि न थरथरणारा हात पुरतो. फक्त आपल्याकडच्या पावसात अगारवर बुरशी फार धरते, तेव्हा गणपती झाले की सुरू करा.