दूध संकलनाचं अ‍ॅप गोठू नये म्हणून: मागची कामं मागेच कशी चालवायची

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला रेंज येते-जाते. सकाळी दूध घालायला रांग लागलेली असताना 'सेव्ह' दाबल्यावर अ‍ॅप अडकलं, तर अख्खी रांग खोळंबते. अँड्रॉइडमध्ये स्क्रीन रंगवणं आणि बोटाचा स्पर्श टिपणं ही दोन्ही कामं एकटा मेन थ्रेड (कोड चालवणारा मुख्य धागा) करतो. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या, तर एका फ्रेमला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. स्पर्शाला ५ सेकंद उत्तर नाही मिळालं, की अ‍ॅप प्रतिसाद देत नसल्याची सूचना येते.

कोड लिहिण्याआधी एवढं ठरवा: ती स्क्रीन सोडून गेलं तरी हे काम पुरं व्हायलाच हवं का?

खातं शोधणं, दहा दिवसांचं बिल काढणं, अशा, स्क्रीन सोडल्यावर थांबली तरी चालणाऱ्या कामांना कोरूटीन (कोटलिन भाषेतली, थ्रेड न अडवता काम चालवायची सोय) पुरे. ते व्ह्यूमॉडेलस्कोपमध्ये (स्क्रीनच्या आयुष्याला बांधलेला कोरूटीनचा आवाका) लाँच करा, पण तो मुळात मेन थ्रेडवरच चालतो. डेटाबेस आणि फाइलींसाठी विथकॉन्टेक्स्टने आयओ डिस्पॅचरवर (काम कोणत्या थ्रेडवर चालेल ते डिस्पॅचर ठरवतो) जा, जड हिशेबासाठी डिफॉल्टवर. बटणाच्या कोडमध्ये रनब्लॉकिंग अजिबात नको; ते काम संपेपर्यंत थ्रेड अडवून धरतं. बरीच अ‍ॅप्स तिथेच गोठतात.

दुधाची नोंद सर्व्हरवर पाठवणं मात्र पुरं व्हायलाच हवं; ते वर्कमॅनेजरचं (स्क्रीन बंद झाली तरी काम पुरं करणारी अँड्रॉइडची लायब्ररी) काम. लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅटव्यतिरिक्त घन पदार्थ) आधी फोनवरच्या रूम डेटाबेसमध्ये 'पाठवणं बाकी' अशा खुणेनिशी लिहा आणि पावती लगेच द्या. मग नेटवर्क असल्याची अट घालून वनटाइम (एकदाच चालणारं) काम नोंदवा. पीरिऑडिक (ठरावीक अंतराने पुन्हा चालणारं) काम १५ मिनिटांपेक्षा कमी अंतराने चालत नाही. युनिक कामाला (एका नावाचं एकच काम) 'कीप' (जुनं काम बाकी असेल तर नवं टाकून देणारं) धोरण लावू नका: आधीचा वर्कर (ते काम करणारा कोड) यादी वाचून बसला असेल, तर नवी नोंद तशीच पडून राहते. 'अपेंड ऑर रिप्लेस' घ्या, म्हणजे नवं काम जुन्याच्या मागे लागतं. पाठवणं फसलं तर वर्करमधून 'रिट्राय' (पुन्हा प्रयत्न) हा निकाल द्या. पुन्हा प्रयत्न होण्याआधीची पहिली विश्रांती मुळात ३० सेकंदांची, पुढे वाढत जाते.

सगळ्यात महाग पडणारी चूक वेगळीच आहे. नोंद सर्व्हरला पोचते, पण उत्तर येण्याआधी रेंज जाते. वर्कर तीच नोंद पुन्हा पाठवतो आणि शेतकऱ्याच्या खात्यात दूध दुप्पट चढतं. म्हणून प्रत्येक नोंदीला फोनवरच यूयूआयडी (दुसऱ्या कशाशीही न जुळणारा ओळख क्रमांक) द्या आणि सर्व्हरवर तो एकमेव ठेवा, म्हणजे तीच नोंद दुसऱ्यांदा चढणार नाही.

तपासताना एअरप्लेन मोडमध्ये चार-पाच नोंदी करा, अ‍ॅप रिसेंट्समधून सरकवून काढा, मग नेट चालू करा. सेटिंग्जमधलं 'फोर्स स्टॉप' वापरू नका; त्यानंतर अ‍ॅप पुन्हा उघडेपर्यंत वर्कमॅनेजर हलत नाही.