अक्षय ऊर्जा, खुला व्यापार आणि आर्थिक वाढ : आकडेवारी हाताळताना या चुका टाळा

अक्षय ऊर्जा आणि खुला व्यापार यांमुळे आर्थिक वाढ होते का, या विषयावरील अभ्यासांचे निष्कर्ष परस्परविरोधी आले की दोष सांख्यिकी प्रारूपाला दिला जातो. माझ्या मते तो आधी आकड्यांच्या व्याख्येत शोधावा.

अंतिम ऊर्जावापरातील अक्षय ऊर्जेचा वाटा हा जागतिक बँकेचा निर्देशक सर्रास वापरला जातो, परंतु त्यात सौर आणि पवन ऊर्जेबरोबर चुलीत जळणारे सरपण आणि लोणारी कोळसाही मोजला जातो. त्यामुळे इथिओपियासारख्या देशात हा वाटा 90 टक्क्यांच्या आसपास दिसतो, आणि उत्पन्न वाढून लोक गॅसकडे किंवा विजेकडे वळू लागले की तो घटतो. अक्षय ऊर्जेने वाढ खुंटते असे गणित सांगू लागले, तर तो पवनचक्क्यांचा दोष नसून सरपणाचा हिशेब असण्याची शक्यता आधी तपासावी. अशा वेळी स्रोतनिहाय वीजनिर्मितीचे आकडे घ्यावेत आणि पावसावर हेलकावणारी जलविद्युत वेगळी ठेवावी.

आयात व निर्यात यांच्या बेरजेला जीडीपीने भागून येणारा आकडा म्हणजे व्यापारधोरणाचा खुलेपणा, हाही असाच गैरसमज आहे. सिंगापूरसाठी हे गुणोत्तर 300 टक्क्यांहून अधिक, तर अमेरिकेसाठी सुमारे 25 टक्के येते. या तफावतीत धोरणापेक्षा देशाच्या आकाराचा आणि पुनर्निर्यातीचा (आयात केलेला माल पुन्हा बाहेर पाठवण्याचा) वाटा मोठा असतो. शिवाय छेदातला जीडीपी घसरला, तरी देश अधिक खुला झाल्याचा भास होतो. म्हणून दोन देशांची तुलना करण्याऐवजी एकाच देशातील काळानुरूप बदल पाहावा, आणि धोरणाविषयीच बोलायचे असेल तर आयातशुल्काचे दर घ्यावेत.

काळाबरोबर भरकटत जाणाऱ्या, म्हणजे अस्थिर, अशा दोन आकडेमालिकांमध्ये खोटा सहसंबंध सहज दिसतो, हे ग्रँजर आणि न्यूबोल्ड या अर्थमितिज्ञांनी 1974 मध्येच दाखवले होते. तरीही स्थिरतेची (मालिकेची सरासरी व चढउतार काळानुसार बदलत नाहीत ना याची) चाचणी न करता काढलेले निष्कर्ष आजही आढळतात. ग्रँजर चाचणीतून एका मालिकेची मागील मूल्ये दुसरीच्या अंदाजाला उपयोगी पडतात की नाही एवढेच कळते, त्यामुळे तिच्या आधारे ‘कारण’ हा शब्द जपून वापरावा. जेमतेम तीस वार्षिक निरीक्षणांवर भरमसाट चले (बदलणारे घटक) लादण्याच्या मोहाबद्दल वेगळे सांगायला नको.

सर्वांत कमी लक्ष जाते ते एका साध्या गोष्टीकडे : आयात केलेले सौर पॅनेल व्यापाराच्या आकड्यात लगेच मोजले जाते आणि बसवल्यावर अक्षय विजेच्या आकड्यातही दिसते. दोन्ही चले अशी एकत्र हलत असताना प्रत्येकाचा स्वतंत्र परिणाम सांगण्यापूर्वी ऊर्जा उपकरणांची आयात वगळून तेच गणित पुन्हा करून पाहावे.