जिओग्रिडच्या भिंतीआधी मुरूम तपासा

जिओग्रिड म्हणजे भरावाच्या थरांत अंथरायची प्लॅस्टिकची मजबूत जाळी. ती भराव धरून ठेवते आणि पुढे काँक्रीटची पॅनेल (तोंडाच्या फरश्या) उभी राहतात. अशी भिंत बांधण्याआधी पाया उघडून बघा. काळी माती लागली तर काढा, यावर चर्चा नको. जिओग्रिडची लांबी सुरुवातीला उंचीच्या ०.७ पट धरा, म्हणजे ८ मीटरच्या भिंतीला ५.६ मीटर. घसरणं, उलटणं, ग्रिड तुटणं, उपटणं हे हिशोब सगळेच करतात. भिंत मागच्या उतारासकट सरकून खाली जाईल का, हा हिशोब मात्र राहतो. टेकडीच्या कडेला तोच आधी करा.

आता भिंतीमागे भरायचा मुरूम. ७५ मायक्रॉनखालचा बारीक माल १५ टक्क्यांच्या आत, प्लॅस्टिसिटी इंडेक्स (माती किती चिकट आहे त्याचा आकडा) ६ च्या आत. चाळणी ओलीच करा. कोरड्या चाळणीत माती खड्यांना चिकटून राहते आणि रिपोर्ट उगाच छान येतो. एक नमुना पास झाला म्हणून खाण पास होत नाही. थर बदलला की माल बदलतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं: रोलर फिरल्यावर त्याच थरातून पुन्हा नमुना घ्या. आपल्याकडचा कुजलेला बेसॉल्ट रोलरखाली फुटतो. डंपरमधून उतरताना १० टक्के बारीक असलेला माल दाबल्यावर १५ च्या वर जाऊ शकतो. मग पावसात पाणी आत अडतं, पाण्याचा दाब चढतो, ग्रिडवरची पकड सुटते आणि पॅनेल पोट काढतात. ठेकेदार म्हणेल, ‘साहेब, रिपोर्ट आहे की!’ तो दाबण्याआधीचा असतो. दाबल्यानंतरचा मागा. नसेल तर पुढचा थर टाकू देऊ नका.

ग्रिडच्या रोलवरची ताकद डिझाइनला तशीच घेऊ नका. तिला क्रीप (सततच्या ताणाखाली हळूहळू लांबणं), टाकतानाची इजा आणि टिकाऊपणा या तिन्ही गुणकांनी भागा. क्रशरची टोकदार खडी वापरणार असाल तर इजेचा गुणक त्याच खडीवर चाचणी करून ठरवा, कॅटलॉगमधून उचलू नका.

ग्रिडची मजबूत दिशा भिंतीला काटकोनात हवी. ग्रिड ताणून बसवा, भराव तोंडाकडून (पॅनेलच्या बाजूने) ग्रिडच्या शेपटाकडे पसरा म्हणजे सैलपणा मागे निघून जातो. उघड्या ग्रिडवर साखळीचं यंत्र नको. आधी १५० मिमी भराव. थर २०० मिमी, घनता प्रयोगशाळेतल्या कमाल घनतेच्या ९५ टक्के, तोंडापासून दीड मीटरात फक्त हलका रोलर. दाबल्यानंतरची ओली चाळणी इथेही, दर वेळी.

पॅनेलमागे ६०० मिमी खडी, फिल्टर कापड, पायथ्याला पाइप. ओळंबा रोज. माथ्यावरचं गटार जूनच्या आत. पहिल्या पावसात पाइपातून गढूळ पाणी आलं तर कापड जोडावर सरकलं असेल. पाणीच आलं नाही तर पाइपाचं तोंड तपासा.