सांगली-साताऱ्याच्या मातीत बॉटलब्रश असा लावा

बॉटलब्रश लावायचा विचार असेल तर आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, हे झाड मूळचं ओढ्याकाठचं आहे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडं, न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडमध्ये, ओढे, नदीची पात्रं, दलदलीच्या कडा अशा ठिकाणी याच्या बऱ्याच जाती उगवतात. तिथली माती बऱ्याच ठिकाणी रेताड, थोडी आम्लधर्मी आणि स्फुरद (फॉस्फरस) अगदी कमी. आता आपली कृष्णाकाठची काळी जमीन बघा, चिकट, चुनखडीची, कुठंकुठं ऊसाला पाणी देऊन देऊन चोपण झालेली. म्हणजे पाण्याचं या झाडाला फारसं वावडं नाही, त्याची खरी अडचण आपल्या मातीची आहे आणि काळजी तिथंच घ्यायचीय.

नर्सरीत साधारण दोन प्रकार मिळतात. एक झुकत्या फांद्यांचा, व्हिमिनॅलिस, तो चांगला पंधरा-वीस फुटांच्या वर जातो म्हणून भिंतीपासून निदान दहा फूट लांब लावा. दुसरा सिट्रिनस, जरा झुडपासारखा, पान चुरगळलं की लिंबासारखा वास येतो. हाच सिट्रिनस जोसेफ बँक्स यांनी १७८९ मध्ये इंग्लंडला नेला आणि तिथून पुढं तो बागांमध्ये पसरला. जागा कमीच असेल तर लिटल जॉन नावाची बुटकी जात मागा, ती तीन-साडेतीन फुटांत राहते. पाटीवर कॅलिस्टेमॉन लिहिलेलं असो की मेलॅल्युका, गोंधळू नका, हल्ली बरेच वनस्पतीशास्त्रज्ञ दोन्ही एकाच प्रजातीत (जीनसमध्ये), मेलॅल्युकात धरतात.

नातेवाईक तर आपल्या ओळखीचेच निघतात. जांभूळ, पेरू, लवंग, निलगिरी सगळी एकाच घराण्यातली, मिर्टेसी. पेरूचं फूल जवळून बघितलंय ना, मधे पांढऱ्या पुंकेसरांचा झुबका असतो. बॉटलब्रशचा लाल रंगही पुंकेसरांचाच, पाकळ्या एवढ्याशा असतात आणि लवकर गळून जातात. पान उजेडात धरलं तर बारीक बारीक तेलाचे ठिपके दिसतात, पेरूच्या पानातही दिसतील, मुलांना घेऊन हे नक्की करून बघा, मस्त वाटतं! तिकडं या फुलांवर हनीईटर पक्षी मध प्यायला येतात, आपल्याकडं ते काम शिंजीर करतो आणि मधमाश्या तर सकाळपासून असतात, म्हणून खिडकीसमोर लावलं तर फारच चांगलं, पण फुलोऱ्यात असताना कीटकनाशक अजिबात मारू नका.

लागवड जूनमध्ये एक-दोन चांगले पाऊस झाले की करा. दोन बाय दोन फुटाचा खड्डा, तेवढाच खोल. मुरमाड जमीन असेल, माण-खटावकडं असते तशी, तर खड्ड्यात गाळाची माती आणि कुजलेलं शेणखत भरा. काळी जमीन असेल तर खड्ड्यापेक्षा फूटभर उंचवटा करून त्यावर लावा, मातीत वाळू किंवा मुरूम मिसळा. जुनं झाड पुराचं पाणी काही दिवस पायात राहिलं तरी तग धरू शकतं पण पिशवीतलं नवं रोप चिखलात बसवलं तर मुळं कुजतात. भरपूर ऊन मात्र पाहिजेच, सावलीत झाड उंच होतं, फुलत नाही. डीएपी, सुपर फॉस्फेट मूठमूठ टाकायची सवय इथं सोडा, स्फुरद जास्त झालं की याला त्रास होतो, वर्षातून एकदा शेणखत किंवा गांडूळखत पुरतं. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा खोल पाणी द्या आणि आळ्यात ऊसाचं पाचट पसरा, खोडाला चिकटू न देता.

आता पिवळेपणाचं. नवीन पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसलं तर बहुतेक लोहाची कमतरता असते, चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. लोक मग युरिया टाकतात, त्यानं हा रोग जात नाही. तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांना हे चांगलं माहीत असतं. ईडीडीएचए प्रकारातलं चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातलं, पाण्यातून मुळाशी द्या, चुनखडीत तेच टिकतं, आणि पावसाळ्याआधी थोडं गंधक मातीत मिसळा, त्याचा परिणाम हळू होतो पण होतो. बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर निदान कुंडीतल्या रोपाला पावसाचं साठवलेलं पाणी घाला.

छाटणी हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग, कारण इथंच वर्षाची फुलं जातात. मुख्य बहर आपल्याकडं साधारण फेब्रुवारी-मार्चच्या आसपास. नीट बघा, ब्रश, म्हणजे फुलांचा तुरा, वाळत आला की त्याच्याच टोकातून नवी पालवी पुढं निघते आणि मागं फांदीला चिकटून मण्यांसारखी टणक बोंडं राहतात. पुढची फुलं नव्या फुटव्यांवर येतात, म्हणून ब्रश वाळला की लगेच त्याच्या जरा मागं सिकेटरनं काप घ्या, जितके काप तितके फुटवे. उशिरा, म्हणजे फुलांच्या तोंडावर, कात्रीनं चौकोनी कुंपण केल्यासारखं कापलं तर कळ्याच कापल्या जातात. झाड जुनं, उघडंबोडकं झालं असेल तर जुन्या लाकडापर्यंतही छाटता येतं, फुटतं ते, फक्त त्या वर्षी फुलांची आशा धरू नका.

ती बोंडं वर्षानुवर्षं बंद राहतात, तिकडं वणव्यानं फांदी वाळली की उघडतात. घरी एक बोंडांची फांदी कागदी पिशवीत घालून कोरड्या उबदार जागी ठेवा, काही दिवसांत धुळीसारखं बी पडतं. ते कुंडीत नुसतं वरून भुरभुरायचं, मातीखाली गाडायचं नाही, आणि कुंडी पाण्याच्या ताटात ठेवून खालून ओल द्यायची. बियांची रोपं आईसारखीच निघतील असं नाही. तसंच झाड पाहिजे तर पावसाळ्यात बोटभर लांब, अर्धवट पिकलेली काडी घ्या, खालची पानं काढा, वाळू आणि कोकोपीटमध्ये लावून वरून प्लॅस्टिकची पिशवी घाला, सावलीत ठेवा. मुळं धरायला दोनेक महिने लागतात, मधे उपटून बघू नका. आणि तयार रोपं कासच्या किंवा सडावाघापूरच्या पठारावर हौसेनं लावायला नेऊ नका, तिथं परदेशी झाडाचं काही काम नाही, अंगणात, शाळेच्या आवारात लावा.