एनएफएचएसच्या, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेच्या, प्रश्नावलीवर सूचना पाठवायच्यात? आधी एवढं हाताशी घ्या

सगळ्यात आधी जुनी प्रश्नावली प्रिंट काढून घ्या, मोबाईलवर वाचायला जाऊ नका, डोळे जातात. हा सर्व्हे 1992-93 पासून चालू आहे, पाचवी फेरी 2019-21 ची, जवळपास 6 लाख 37 हजार घरं, आणि फॉर्म एक नाही चार असतात, घराचा, बाईचा, पुरुषाचा आणि चौथा उंची-वजन-बीपी-रक्ताचा. आपली सूचना कुठल्या फॉर्ममधल्या कुठल्या नंबरच्या प्रश्नावर आहे ते समासात लिहून ठेवा, नाहीतर "महिलांच्या आरोग्याकडे लक्ष द्यावे" असलं काहीतरी जातं आणि त्याचं कोणी काही करू शकत नाही.

वयाची अट पण बघून ठेवा. बाईचा फॉर्म 15 ते 49 चा, म्हणजे पन्नाशी ओलांडलेल्या काकूंचं बीपी-शुगर मोजलं तरी त्यांना या फॉर्ममधलं बाकीचं कोणी विचारतच नाही, हे मला तरी खटकतं.

आता खरं काम, शब्द गोळा करणं. एक वही घ्या आणि चार घरी जाऊन बसा. "तंबाखू खाता का" विचारलं की नाही म्हणणारी आजी सकाळी मिश्री लावते आणि तिच्या हिशोबात ती तंबाखू नाहीच, ते दात घासणं आहे. श्वेतप्रदर कोणाला कळत नाही, अंगावरून पांढरं जातं का म्हटलं की लगेच कळतं. "गर्भाशय काढलं का" असं नाही, "पिशवी काढली का" असं विचारायचं. असे शब्द प्रश्नाशेजारी लिहा, ऑफिसात बसून हे सुचत नाही. आणि नवीन प्रश्न सुचवताना जुना कुठला काढायचा तेही सांगा, कारण मुलाखत आधीच लांबलचक असते, चुलीवर भाजी ठेवून बाई किती वेळ बसणार. फक्त जुन्या प्रश्नाची भाषा पूर्ण बदलली तर मागच्या फेऱ्यांशी तुलना बिघडते, म्हणून शब्द कंसात जोडा म्हणा, प्रश्न मोडा म्हणू नका.

वेळापत्रकावर एक ओळ हवीच. पाचव्या फेरीत महाराष्ट्रातलं काम 2019 च्या जून ते डिसेंबर झालं, आणि बीडकडची ऊसतोड कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन निघतात, मग घराला कुलूप. या बायकांत पिशवी काढण्याचं प्रमाण जास्त, म्हणजे तो प्रश्न ज्यांना विचारायला हवा त्याच घरी नाहीत.

उदाहरणं द्या पण नाव, गाव, फोन नको, "एक चाळिशीची शेतमजूर बाई" एवढं पुरे. सर्व्हे आरोग्य मंत्रालयाचा, काम बघते मुंबईत देवनारची आयआयपीएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, त्यामुळे दोघांना कॉपी टाका. दोन पानांच्या वर जाऊ नका, आणि पाठवायच्या आधी एखाद्या आशाताईंना मोठ्याने वाचून दाखवा, त्या जिथे "काय म्हणालात?" म्हणतील ते वाक्य परत लिहा.